दोघांनी मिळून एक खोली

दोन कंत्राटदार नेमावेत ही कल्पना माझी. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तर बायको सांगेल, आणि तिच्या सांगण्यात विशेषणं फार असतात.

माझ्या बाजूने एवढंच म्हणायचं आहे की कल्पना वाईट नव्हती. मी लेखापरीक्षणात आहे. मोठमोठ्या पुलांचे आणि इमारतींचे खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे का गेले, हे संबंधितांना विचारणं हे माझं काम. संबंधित उत्तर पाठवतात, 'सदर वाढ अपरिहार्य कारणास्तव झालेली आहे.' मी त्याखाली लाल शाईने लिहितो, 'अपरिहार्य म्हणजे काय, ते स्पष्ट करावे,' आणि कागद परत पाठवतो. असे कागद पाठवण्यात माझी निम्मी हयात गेली. त्यामुळे बांधकामातल्या सगळ्या खाचाखोचा आपल्याला कळतात, असा माझा प्रामाणिक समज होता. विटा मी कधी हातात धरल्या नव्हत्या, पण विटांबद्दलचा पत्रव्यवहार पुष्कळ वाचला होता.

आणि काम तरी केवढं, तर एक खोली. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, जोडलं, आणि ती वॉकर धरून चालायला लागली. पण डॉक्टरांनी बजावून ठेवलं, एकही पायरी नको. आमच्या घरात बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर खाली, झोपायच्या खोल्या आणि बाथरूम वर. म्हणून आई माझ्या धाकट्या बहिणीकडे राहत होती. तिचं घर तळमजल्यावर. तेवढ्यात बहिणीच्या यजमानांची बदली झाली, तीही अशा गावी जिथं त्यांना मिळालेली जागा तिसऱ्या मजल्यावर. मुलांची वार्षिक परीक्षा संपली की सामान हलणार होतं. यजमान व्यवहारी गृहस्थ. त्यांनी ज्येष्ठांसाठीच्या एका निवासी केंद्राचं रंगीत माहितीपत्रक मिळवलं. त्यावर चार म्हाताऱ्या व्यक्ती एकाच फुलाकडे बघून हसत होत्या. आईने ते पत्रक चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मला फोन केला. म्हणाली, "मला तिथं जायचं नाही. तुझ्या घरी स्कूटर ठेवतोस तिथं मला खोली बांध. लहान चालेल, पण पायरी नको."

स्कूटर ठेवतो ती जागा म्हणजे घराच्या डाव्या अंगाची रिकामी पट्टी. तिथं एक खोली, तिला लागून बाथरूम आणि बैठकीच्या भिंतीत एक दार पाडायचं, की आई सरळ आत. कामाचा कागद एका पानाचा झाला. अंदाजपत्रक इतकं आटोपशीर होतं की मी ते कार्यालयात दोन-तीन जणांना सहज म्हणून दाखवलंसुद्धा.

आता दोन कंत्राटदारांचं. मी बायकोला समजावून सांगितलं की एक कंत्राटदार नेमला की तो मालकाला फसवतो, हे मी रोज कागदावर पाहतो. दोघांना मिळून काम दिलं की ते एकमेकांवर डोळा ठेवतात आणि मालक निवांत झोपतो. आमच्या भाषेत याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात.

"आणि दोघं मिळून आपल्याला फसवायला लागले तर?" बायकोने विचारलं.

"तेवढं त्यांचं पटणार नाही," मी म्हणालो.

या एका बाबतीत मी शंभर टक्के खरा ठरलो.

त्यांना नावं बायकोनेच ठेवली. पहिले बघूकाका. किडकिडीत, कपाळावर चष्मा, कमरेला टेप. काहीही विचारलं तरी टेप बाहेर काढायचे, हवेत थोडा लांबवायचे, परत आत सोडायचे आणि म्हणायचे, "बघू." दुसरे झालंच. हे गोल, हसरे आणि कायम फोनवर. खड्डासुद्धा खणलेला नसताना त्यांनी मला सांगितलं होतं, "साहेब, तुमची खोली झालंच समजा." पाया, भिंती आणि फरशीखालचा काँक्रीटचा कोबा बघूकाकांकडे, भराव, नळ, फरशी आणि रंग झालंच यांच्याकडे. दोघांचा करार मी स्वतः लिहिला. त्यात एक कलम माझं विशेष लाडकं होतं. दोघे हजर असल्याशिवाय कोणताही माल उतरणार नाही, मोजमाप होणार नाही आणि कामाला हात लागणार नाही. हे कलम सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली होती.

पहिली ठेच परवानगीच्या कार्यालयात लागली. तिथल्या खिडकीत ज्या बाई बसतात त्या माणसाकडे बघत नाहीत, अर्जाच्या कोपऱ्याकडे बघतात. त्यांनी सांगितलं की कंत्राटदाराच्या नावाला एकच रकाना आहे, त्यात एकच नाव लिहा. मी म्हटलं, दोघे आहेत. मग एक मुख्य आणि एक दुय्यम करा, म्हणाल्या. मी दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं. झालंच म्हणाले की दुय्यम झालो तर पुढं मला काम कोण देणार. बघूकाका जास्त समजूतदार. ते म्हणाले, "मी दुय्यम व्हायला तयार आहे, पण आधी त्यांनी व्हावं."

शेवटी असं ठरलं की एकाने रकान्याच्या डावीकडून सही सुरू करायची, दुसऱ्याने उजवीकडून, एकाच वेळी. सह्या मधोमध एकमेकींवर चढल्या. बाईंनी अर्ज उजेडात धरला आणि ही सही आहे की जागेचा नकाशा, असं विचारून परत दिला. मग त्यांनीच तोड काढली. खोलीचे दोन अर्धे भाग दाखवून दोन अर्ज करा. तसे केले. अर्धी खोली बघूकाकांची आणि अर्धी झालंच यांची. शुल्क मात्र दोन अख्ख्या खोल्यांचं, कारण अर्ध्या खोलीचा दर त्यांच्या तक्त्यात नव्हता. एक वीट रचण्याआधी अंदाजपत्रकाची शिलकीची ओळ खलास झाली. मी मनात म्हटलं, एवढं चालायचंच. हे वाक्य पुढं मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी शेवटी बायको माझ्याआधी म्हणायला लागली.

मग काम सुरू झालं. म्हणजे मजूर आले. काम सुरू व्हायला दोघे हजर लागत होते, आणि दोघांचीही इतर ठिकाणी कामं चालू होती. बघूकाका सकाळी यायचे, टेप काढायचे आणि विचारायचे, "ते नाही आले का?" नाही म्हटलं की निघून जायचे. झालंच दुपारी यायचे, हसून विचारायचे, "आमचे मित्र कुठं आहेत?" आणि फोन कानाला लावून निघून जायचे. मजूर भिंतीच्या सावलीला ओळीने बसलेले. त्यांची रोजंदारी बसण्याचीही तेवढीच होती, कारण बसणं त्यांच्या मनाने नव्हतं, माझ्या कलमाने होतं. सिमेंट कालवायचं यंत्र भाड्याने आणलेलं. त्याच्या पिंपात आमच्या गल्लीतल्या मांजरीने पिल्लं घातली आणि ती डोळे उघडून हिंडायला लागली तरी यंत्र एकदाही फिरलं नव्हतं. भाडं मात्र फिरत होतं.

एकदा दोघेही आले, यंत्रही तयार, पण विटांची गाडी आली नाही. दुसऱ्या खेपेला गाडी आली, दोघेही आले, आणि विटा कुणाच्या बाजूला उतरवायच्या यावरून वाद पेटला. गाडीवाला बिचारा ऐकत उभा राहिला आणि नंतर खोळंब्याचे पैसे माझ्याकडून घेऊन गेला. मी त्या दोघांना म्हटलं, अहो, कलम थोडं सैल करू या. तर दोघेही दुखावले. बघूकाका म्हणाले की हे कलम आहे म्हणून तर मी या माणसाबरोबर काम करतोय. झालंच यांनी फोन कानापासून दूर नेला, हे त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच केलं, आणि म्हणाले, "साहेब, कलमाला हात लावू नका. ते तेवढं एकच नीट झालंय."

स्वतःच्या लेखनाचं असं कौतुक होताना इतकं वाईट वाटलेलं मला आठवत नाही.

पुढं रखवालदारांचं प्रकरण उद्भवलं. बघूकाकांना शंका आली की आपल्या सिमेंटची पोती रात्रीतून कमी होतात. त्यांनी रखवालदार ठेवला. झालंच यांना तो रखवालदार आपल्या फरशांच्या खोक्यांकडे बघतो अशी शंका आली. त्यांनी त्या रखवालदारावर लक्ष ठेवायला दुसरा रखवालदार ठेवला. दोघांचे पगार 'संयुक्त खर्च' या नावाखाली माझ्याकडे. संयुक्त खर्च म्हणजे जो खर्च दोघेही करत नाहीत तो, ही व्याख्या मला नोकरीत इतकी वर्षं कुणी नीट सांगितली नव्हती. रखवालदारांचं मात्र एकमेकांशी छान जमलं. ते एकाच बाकड्यावर बसून एकाच रेडिओवर गाणी ऐकायचे आणि एकमेकांच्या मालकाला नावं ठेवायचे. संपूर्ण प्रकल्पात खऱ्या अर्थाने संयुक्त असं काही असेल तर ते बाकडं.

शेजारी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. निवृत्तीनंतर खातं त्यांना सल्ला विचारत नाही, त्यामुळे सल्ल्यांचा साठा बराच झालेला. ते कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकवून उभे राहायचे. त्यांचं म्हणणं एकच होतं, जमीन वर घ्या. एकदा बाहेरचं पाणी आत आलं की बाहेर जात नाही, मी पाण्यात उभी नोकरी काढली आहे, माझं ऐका. ते त्यांनी मला सांगितलं. मला पटलं. मी बघूकाकांना फोन करून म्हटलं, जरा वर घ्या. बघू, म्हणाले. मग झालंच यांनाही तेच सांगितलं, कारण मी दोघांना सारखी वागणूक देत असे. झालंच समजा, म्हणाले. शेजाऱ्यांनी माझ्यावर विसंबून न राहता त्या दोघांनाही वेगवेगळं गाठून तेच सांगितलं, हे मला नंतर कळलं.

इकडे पैसा वितळत होता. मी आकडे सांगत नाही, कारण आकडे सांगताना माझा आवाज बदलतो असं बायको म्हणते. एवढंच सांगतो की बँकेतली मुदत ठेव मुदतीआधी मोडली. मोडताना बँकेतल्या तरुणाने कारण विचारलं. मी म्हटलं, बांधकाम. त्याने मान हलवली आणि पुढचं काही न विचारता सहीची जागा दाखवली. त्याच्या त्या न विचारण्यात एवढी सहानुभूती होती की मला घाईने बाहेर पडावं लागलं. घरी आलो तर बायको दोघांची वाढीव बिलं पुढ्यात घेऊन बसलेली.

"ही वाढ कशाची?"

"अपरिहार्य कारणास्तव," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

"अपरिहार्य म्हणजे काय?"

तिच्याकडे लाल शाई नव्हती एवढाच काय तो फरक. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर वाळूचे दोन ढीग होते आणि मधे तारेचं कुंपण. कुंपण वाढीव कामात धरलेलं होतं. ज्यांना ज्यांना मी आजवर तो कागद परत पाठवला होता ती सगळी माणसं मला त्या वेळी खांद्यावर हात ठेवणाऱ्या चुलतभावांसारखी वाटली.

आईचा फोन मधून मधून यायचा. ती थेट कधी विचारायची नाही. बहिणीकडे पुस्तकं बांधून झाली, असं सांगायची. मग पडदे काढले, असं. एकदा म्हणाली, "आज इथं माझा पलंग सोडून सगळं खोक्यात गेलं. मी अजून बाहेर आहे." मी सांगितलं, भिंती झाल्या. खरोखरच झाल्या होत्या. तिने विचारलं, दार कुठल्या बाजूला येतं, मला पलंगावरून तुम्ही दिसाल का? मी म्हटलं, दिसू. त्या निवासी केंद्रातून बहिणीच्या यजमानांना फोन येत होते, एक जागा रिकामी आहे, धरून ठेवू का म्हणून. यजमान 'हो' म्हणाले नव्हते, पण 'नाही'सुद्धा म्हणाले नव्हते. आमच्या कार्यालयात अशा प्रकरणाला प्रलंबित म्हणतात. माझी आई प्रलंबित होती.

शेवटी खोली उभी राहिली. बाथरूममध्ये पाणी आलं, रंग लागला. बाहेरून एक फळी लावलेली होती, तिच्यावरून चढून आम्ही आत जायचो आणि खोली बघून यायचो. फळी चढताना ती बरीच चढावी लागते हे लक्षात यायला हवं होतं. पण बांधकामावर फळी असतेच, आणि फळी म्हटली की माणूस चढतोच. फरशी गुळगुळीत, खिडकीतून ऊन. बायकोसुद्धा म्हणाली की खोली चांगली झाली. विशेषण न लावता म्हणाली.

आता फक्त बैठकीच्या भिंतीत दार पाडायचं राहिलं होतं. ते इतके दिवस का राहिलं, तर ती भिंत दोघांपैकी कुणाचीच नव्हती. बघूकाकांचं म्हणणं, मी भिंती बांधायच्या आहेत, पाडायच्या नाहीत. झालंच यांचं म्हणणं, भराव सोडला तर माझं काम फरशीपासून वर, आणि दार तर फरशीपासून खाली-वर दोन्हीकडे असतं. माझ्या करारात चार भिंती लिहिल्या होत्या आणि चौथी आधीपासून उभी होती, एवढं मी धरलंच नव्हतं. अखेर मी ते काम वेगळं, वाढीव, आणि दोघांनाही निम्मं निम्मं दिलं. म्हणजे दोन घण आले.

भिंत पडली. धूळ बसली. आम्ही सगळे बैठकीत उभे होतो, आणि दाराच्या चौकोनात खालचा भाग भरलेलाच दिसत होता. मला वाटलं, अजून पाडायची राहिली आहे. बघूकाकांनी टेप काढला, खालपासून वर धरला, आणि या वेळी तो लगेच आत सोडला नाही.

आईच्या खोलीची जमीन आमच्या बैठकीच्या जमिनीपेक्षा जवळजवळ गुडघ्याएवढी वर होती.

मग कुणी किती वर घेतली याची कबुली एकेक करून बाहेर आली. शेजाऱ्यांचं ऐकून बघूकाकांनी कोबा वर घेतला होता. माझा फोन आल्यावर आणखी थोडा घेतला. खालचा भराव झालंच यांचा म्हणजे तो बसणारच, म्हणून त्याच्यासाठी आणखी थोडा. झालंच यांनी फरशी शेजाऱ्यांसाठी वर घेतली, माझ्यासाठी वर घेतली, आणि बघूकाकांचा कोबा म्हणजे तो खचणारच, म्हणून त्याच्यासाठी. दोघांनीही अत्यंत काळजीपूर्वक काम केलं होतं. काहीच खचलं नाही, काहीच बसलं नाही. एकमेकांबद्दलचा अविश्वास जसाच्या तसा, फरशीसकट, तिथं पक्का झाला होता.

मी विचारलं, उतार करता येईल का? झालंच यांनी फोनवरच हिशेब केला. वॉकर चालेल असा सावकाश उतार करायचा तर तो बैठकीतून जाईल, पुढच्या दारातून बाहेर पडेल आणि रस्त्यावर संपेल. सगळी जमीन फोडून खाली घ्यायची तर नळ काढावे लागतील, बाथरूम तोडावी लागेल, आणि त्याला जो खर्च येईल तो नवी खोली बांधण्यापेक्षा जास्त. शिवाय दोघे हजर लागतील. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने तिथला नळ सोडून ठेवला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी त्या नव्या पायरीवर बसलो. बसायला उंची अगदी बरोबर होती.

बहिणीचा ट्रक भरून झाला होता. आईला घेऊन बहिणीचे यजमान गाडीतून निघाले. मी फोन करून त्यांना थांबवणार होतो. पण थांबवून सांगणार काय, की तिला केंद्रात घेऊन जा? मी फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. तेवढ्यात गाडी दाराशी आली.

त्या दिवशी दोघे कंत्राटदार हजर होते. शेवटचा हप्ता घ्यायचा होता, आणि दुसऱ्याने तो आपल्या माघारी घ्यावा एवढा दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता.

आई गाडीतून उतरली. वॉकर पुढे टाकत, थांबत, पुन्हा टाकत बैठकीत आली. कुणाकडे बघितलं नाही. तिची नजर नव्या दाराकडे होती. तिथून खिडकी दिसत होती, पलंग दिसत होता, बायकोने घातलेली नवी चादर दिसत होती. ती हसली. वॉकर पुढे सरकवत दारापर्यंत गेली, आणि वॉकरचे पुढचे दोन पाय खण्णकन आवाज करून अडले. तिने मागे घेऊन पुन्हा पुढे केला. पुन्हा अडला. मग तिने खाली बघितलं.

झालंच यांनी फोन कानावरून खाली घेतला. बघूकाकांचा हात कमरेच्या टेपवर गेला आणि तिथंच राहिला.

"ही पायरी कुणाची?" आईने विचारलं.

बघूकाकांनी झालंच यांच्याकडे बघितलं. झालंच यांनी बघूकाकांकडे. खिडकीबाहेर शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावत होते ते खाली वाकले, म्हणजे दिसेनासे झाले. यजमान मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागले; मला माहीत होतं की केंद्राचा नंबर. मी तोंड उघडलं. सदर पायरी, अशी सुरुवात जिभेवर तयार होती. नोकरीने माणसाला दुसरं काही दिलं नाही तरी अशी सुरुवात देते.

"माझी," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी माझं प्रगतिपुस्तक हातात घेतल्यावर ती अशी बघायची. ओरडायची नाही, नुसता एक एक विषय वाचायची. मग तिने यजमानांना सांगितलं, "फोन ठेवा तो खिशात." जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढायला लावली. वॉकर बाजूला केला, खुर्चीत बसली, साडी नीट केली आणि मला म्हणाली, "मग उचल."

एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने बायकोने. आईचं वजन फार नाही, पण खुर्ची सागवानी. उचलता उचलता माझ्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता. सकाळी चहाला बाहेर आणायचं, मग आत न्यायचं. जेवायला बाहेर, मग आत. कुणी भेटायला आलं की बाहेर. मी कार्यालयात असताना कोण. बायको माहेरी गेली तर कोण. बाथरूम आत आणि माणसं बाहेर, अशी खोली आम्ही बांधली होती, आणि ती पुन्हा बांधायला आमच्याजवळ काही उरलं नव्हतं.

"तुमची बाजू खाली आहे," बायको म्हणाली.

"तू वर घेतली आहेस," मी म्हणालो.

"वर न्यायचंय ना? मग वरच घेणार."

"दोघांनी एकदम घ्यायला नको?"

"मी एकदमच घेतलं. तुम्ही मागाहून घेतलंत."

खुर्ची हवेत तिरकी झाली. त्यासरशी इतका वेळ मागे उभे असलेले दोघे कंत्राटदार पुढे आले. बघूकाकांनी टेप लावून सांगितलं की उजवीकडे चार बोटं कमी आहे. झालंच म्हणाले, छे, डावीकडे चार बोटं जास्त आहे. बघूकाका म्हणाले, जास्त असेल तर ते तुमच्या बाजूचं आहे. झालंच म्हणाले, त्यांची बाजू माझी कशी होईल, मी फक्त फरशीपासून वर. यजमान म्हणाले की मला वाटतं दोघं दोघं मिळून धरा, आणि कुठून धरायचं ते सांगायला तेही पुढे आले. शेजाऱ्यांचं डोकं कुंपणावर परत उगवलं. ते म्हणाले, आणखी जरा वर घ्या.

आई दोन्ही हातांनी खुर्ची धरून अधांतरी बसली होती. तिने आमच्यातल्या प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला आधी ठेवा," ती म्हणाली. "मग ठरवा."

आम्ही तिला आत ठेवलं. ठरायचं अजून चालू आहे.